लय आशा होती गा

परवा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडची दोन नवीन पोरं हमरीतुमरीवर आली. कारण काय, तर फुटबॉल. सातासमुद्रापलीकडचा कुठला तरी क्लब, यांनी तो फक्त मोबाइलवर पाहिलेला, आणि वाद असा की त्या क्लबाची सगळ्यात जास्त माती कोणी केली. एक म्हणे तो लांब केसांचा, करोडो ओतून आणला आणि बेंचवर बसून गेला. दुसरा म्हणे छे, तो कोच. डबे उघडे, भाजी थंड, आणि हे टेबलावर मुठी आपटून राहिले. मी शेजारीच पोळी खात होतो. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "काहून गा, त्याच्या घरी जाता येते का तुम्हाले?" दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पन्नाशी ओलांडली की माणूस असंच कायच्या काही बोलतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मी पुन्हा पोळीकडे वळलो. ते वाक्य माझं नव्हतंच. काकाजींचं होतं.

काकाजी जाऊन आता दोन वर्षं होतील. खरं सांगतो, मला अजून सवय झालेली नाही. रविवारी सकाळी माझी स्कूटर लकडगंजाकडे वळते, आणि वळल्यावर मला आठवतं की तिथं आता काही नाही. त्यांच्या लाकडाच्या टालीच्या जागी कोणीतरी फर्निचरचं शोरूम टाकलं आहे. काचेचं दार, आत गार हवा, आणि दाराशी टोपी घातलेला माणूस. तो विचारतो, "काय पाहिजे साहेब?" आता त्याला काय सांगू मी, काय पाहिजे ते? स्कूटर वळवतो आणि घरी येतो.

तसे ते कोणाचेच काका नव्हते, पण लकडगंजात त्यांना दुसऱ्या नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. त्यांची लाकडाची टाल होती, मागे फळ्या कापायची आरामशीन, आणि पुढे रचलेल्या सागवानाच्या ओंडक्यांवर आमची टीम. टीम म्हणजे मोहल्ल्याची, शहराच्या लीगमध्ये खेळणारी. काकाजी तिचे मॅनेजर, डॉक्टर, धोबी, सगळं काही. जर्सी ते स्वतःच्या हातानं धुवायचे. दुसऱ्यानं धुतल्या तर रंग जाते म्हणायचे. रंग कधीचाच गेला होता बापा! पिवळ्या म्हणून घेतलेल्या जर्सी माझ्या काळापर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या, आणि समोरची टीम पांढऱ्यात आली की रेफरी डोक्याला हात लावायचा.

नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा त्यांचा शर्ट पूर्ण बाह्यांचा आणि गळ्यापर्यंत बटन लावलेला. कानावर पेन्सिल. मॅच बसून पाहिली असं कधी झालं नाही. लाइन्समन जिथं जाईल तिथं त्याच्या मागे मागे छत्री घेऊन चालायचे, त्याच्या डोक्यावर सावली धरायचे आणि चालता चालता कानात सांगायचे, "ऑफसाइड नाही आहे गा, नीट पाह्य." एकदा त्या माणसानं वैतागून झेंडी यांच्याच हातात दिली. आणि यांनी ती खरंच उचलली, तीही आमच्याच फॉरवर्डविरुद्ध. आम्ही बोंबललो, तर म्हणाले, "होता ऑफसाइड, तर मी काय करू?" आमच्या गोलला त्यांनी कधी टाळी वाजवली नाही. गोल मारून एक जण धावत त्यांच्या गळ्यात पडायला आला, तर त्याला म्हणाले, "घाम पूस आधी. गोल कराले तर ठेवला तुले." पेनल्टीच्या वेळी मात्र मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. आवाजावरून समजते म्हणायचे, आणि त्यांना समजायचंही.

पण काकाजींची खरी ओळख म्हणजे पंचायत. सीझनची शेवटची मॅच झाली की पुढच्या रविवारी टालीवर ती बसायची. कोपऱ्यावरून तर्री-पोहे यायचे, पानठेल्यावाला पप्पू तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून आणायचा, आमचे ड्रिलचे रिटायर गुरुजी सगळ्यात उंच ओंडक्यावर बसायचे. विषय दरवर्षी एकच. आपल्या टीमला आजवर सगळ्यात जास्त नाराज केलं ते कोणी? दुसऱ्या टीमवाले म्हणत, यांची पंचायत म्हणजे शिव्यांचा कार्यक्रम. तसं नव्हतं ते. शिव्या द्यायला सुरुवात केली की काकाजी हात वर करून थांबवायचे. "ते घरी द्या. इथं नाव घ्याचं तर आधी सांगा, त्याच्याकडून काय पाहिजे होतं तुम्हाले."

झालं! मग नाव घेणारा त्या खेळाडूचे कॉर्नर, त्याचे हेडर, चिखलात त्यानं काढलेला तो एक चेंडू, हे सगळं सांगत बसायचा, आणि अर्ध्या तासानं लक्षात यायचं की आपण नाराजी सांगायला उठलो आणि त्याची आरती ओवाळून राहिलो. काकाजींचं म्हणणं साधं होतं. ज्याच्यावर कोणाची आशाच नव्हती तो काय नाराज करन? रेफरीचं नाव घ्यायला बंदी होती, कारण रेफरी आपला नाही. मोठ्या क्लबांची, टीव्हीवरची नावं काढली की विचारायचे, "त्याच्या घरी जाता येते का तुले? नाही ना? मंग कायची नाराजी?" माझं नाव त्या पंचायतीत एकदाही आलं नाही, हे सांगून टाकतो. मी टीमचा राखीव खेळाडू होतो. माझ्यावर कोणाचीच कधी आशा नव्हती, माझ्या आईचीसुद्धा नाही.

घरी जायचं हा तिथला रिवाज होता. हात वर करून एक नाव ठरलं की काकाजी तेव्हाच्या तेव्हा उठायचे, हलवायाकडून गरम जिलेबी बांधून घ्यायचे आणि त्या माणसाच्या घरी जायचे. आम्ही दोघं-तिघं मागून. दार उघडलं की त्याच्या डोळ्यात पाहून एकच वाक्य बोलायचे. "तुह्यावर आमची लय आशा होती गा." आणि मग उभेच. समोरचा काही बोलेपर्यंत हूं का चूं नाही. लोक काय काय बोलायचे! एक आमचा जुना गोलकीपर, सेमीफायनलमध्ये दोन्ही पायांमधून चेंडू सोडणारा, तो ई-रिक्षा चालवायचा. तो तिथंच ओट्यावर बसून रडायला लागला. "मले वाटलं तुम्ही सगळे भुलले मले," म्हणाला. एक मोठ्या हुद्द्यावर पोचलेले साहेब होते, त्यांनी बायकोला आतून हाक मारली, "अवं ये बाहेर! मी सांगत होतो ना मी खेळत होतो म्हणून!"

आणि तो सेंटर हाफ! याचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि आईनं शपथ घातली होती, कपाळाला काही लागू द्यायचं नाही. प्रत्येक कॉर्नरला बेटा खाली वाकायचा. हेडरवर गोलामागून गोल खाल्ले आम्ही. काकाजी लग्नाला गेले, पोटभर जेवले, आहेर दिला, आणि लग्नानंतर त्यानं खेळ सोडल्याबरोबर पंचायतीत त्याचं नाव पास करून जिलेबी घेऊन दारात हजर. दार नव्या नवरीनं उघडलं. तिला वाटलं सासरकडचे कोणी पाहुणे आहेत, तिनं वाकून नमस्कार केला. काकाजी म्हणाले, "सुखी राहा वं. नवऱ्याले बोलाव, थोडं काम आहे."

लग्नानंतर म्हटलं, ते यासाठी की काकाजींचा एक नियम फार कडक होता. ज्याचा खेळ अजून बाकी आहे त्याचं नाव घ्यायचं नाही. चालू खेळाडूची अजून वाट पाहायची असते, असं ते म्हणायचे. हा नियम त्यांनी कोणासाठी केला होता ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कोणी बोलत नव्हतं.

विजू. त्यांचा एकुलता एक पोरगा. त्याची आई लवकर गेली, आणि काकाजींनी त्याला टालीतल्या भुशात खेळवून मोठं केलं, पडला तरी लागत नाही म्हणून. डाव्या पायाचा होता. खूप खेळाडू पाहिले मी, बाहेर बसून पाहायलाच तर होतो, पण तसा डावा पाय पुन्हा पाहिला नाही. उजव्या कॉर्नरवरून मारलेला चेंडू असा वळून आत यायचा की गोलकीपर चेंडूच्या आधी देवाकडे पाहायचा. विजूची प्रॅक्टिस असली की आरामशीन बंद. गिऱ्हाईक फळ्या कापून घ्यायला थांबलेलं असायचं, आणि मालक मैदानावर.

वीसेक वर्षांपूर्वी आमची टीम पहिल्यांदा लीगच्या फायनलला पोचली. आणि त्याच दिवशी सकाळी विजूला वाडीहून बोलावणं आलं. अमरावती रोडवर तिथं ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं आहेत, त्यातल्या एका गोदामात त्याला नोकरी मिळून राहिली होती. आजच रुजू व्हा, नाही तर जागा दुसऱ्याची. त्यानं बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "चार वाजता मॅच आहे. तोपर्यंत येशीन." विचारलं नाही, सांगितलं. विजू गेला.

चार वाजले, विजू नाही. मी बूट बांधून, स्टॉकिंग वर ओढून उभा. आयुष्यात पहिल्यांदा मला फायनल खेळायला मिळणार होती. काकाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. "थांब गा. येऊनच राहिला तो." रेफरीनं येऊन विचारलं, त्यालाही तेच. पहिला हाफ आम्ही दहा जणांनी खेळलो. मला वाटलं हाफटाइमनंतर तरी सोडतील. "येऊनच राहिला." पूर्ण मॅच, भाऊ! मैदानावर एक माणूस कमी, आणि माणूस बाहेर बूट बांधून बसलेला! शेवटी एका गोलनं हरलो. लोक विचारतात, तुला राग नाही आला? आला ना. अजूनही आहे थोडा. पण लाइनवर छत्री घेऊन उभे राहिलेले, खेळाकडे न पाहता रस्त्याकडे पाहणारे काकाजी आठवले की राग गळून जातो.

विजू आला तेव्हा पोरं गोलांची नेट सोडून राहिली होती. ट्रकातला माल उतरायला उशीर झाला, बस मिळाली नाही, अर्ध्या रस्त्यापासून धावत आलेला. अंगावर नवा शर्ट आणि त्यावर धूळच धूळ. काकाजी जर्सींच्या घड्या करत होते. वर न पाहता म्हणाले, "घरी जेवून घे. वरण झाकून ठेवलं आहे." बस. त्या दिवसाबद्दल ते मुलाशी पुन्हा कधी काही बोलले नाहीत. आणि तेच विजूला सहन झालं नाही. काही दिवसांनी त्यानं वाडीलाच खोली घेतली. येणं-जाणं लांब पडते, असं सांगितलं. त्याच्या लग्नाला काकाजी वाडीला गेले, घरासमोरच्या मांडवात अक्षता टाकल्या, आणि जेवायच्या आधी परत आले. मग ना हा तिकडं, ना तो इकडं.

एकच शहर हो! एक पूर्वेच्या टोकाला, एक पश्चिमेच्या. विजू मला फोन करायचा. "दादा, बाबा कसे आहेत?" मी म्हणायचो, ये ना गा, स्वतःच पाह्य. तो फोन ठेवायचा. इकडं काकाजी त्याचं नाव काढत नसत, पण मी त्या बाजूनं आलो हे समजलं की पेन्सिलीनं कान खाजवत विचारायचे, "अमरावती रोडले ट्रक लय वाढले असन ना आता?" मी म्हणायचो, हो, लय वाढले. "हवा खराब असन मंग तिथली." हो, खराब आहे. यापलीकडं ते गेले नाहीत. दोघांचीही मान अशी ताठ, की मला कधी कधी वाटायचं एकेकाच्या कानाखाली वाजवावी. पंचायतीत कोणी चुकून त्या फायनलकडे वळलं की काकाजी तोडायचे. "त्याचा खेळ बाकी आहे." तोवर विजूचं पोट सुटलं होतं, केस पिकायला लागले होते. पण खेळ बाकी तो बाकीच.

शेवटची पंचायत मला कालच्यासारखी आठवते. काकाजींना धाप लागायची, ओंडक्यावर बसवत नव्हतं, म्हणून खुर्ची आणली होती. पोहे झाले. पप्पू तोंडातला खर्रा थुंकून आला आणि मधोमध उभा राहिला. त्याचं तोंड रिकामं पाहूनच आम्ही सावध झालो.

"मी विजूचं नाव घेतो."

"बस खाली," गुरुजी म्हणाले.

"त्याचा खेळ बाकी आहे," काकाजी म्हणाले.

"काकाजी, त्रेचाळीसचा झाला तो."

"बाकी आहे म्हटलं ना बे!"

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याचं," पप्पू म्हणाला. "मागच्या महिन्यात. मी सुपारीचा माल आणाले गेलो होतो वाडीले, तर काठी घेऊन चालून राहिला होता."

काकाजींनी कानावरची पेन्सिल काढली. मग विचारलं, "कोणत्या?"

"डाव्या."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, आणि हातातच ठेवला. गुरुजींना विचारलं, "तुम्हाले माहीत होतं?" गुरुजींनी मान हलवली. "तुले?" मीही हलवली. सगळ्या टालीला माहीत होतं, बापाला सोडून. "मंग हात वर करा ना," ते म्हणाले. "माह्या तोंडाकडं काय पाहून राहिले?" एक एक करत सगळे हात वर गेले. माझाही गेला. पप्पू रिवाजाप्रमाणे सांगायला लागला, त्याचे कॉर्नर, त्याचा डावा पाय. काकाजींनी त्याला थांबवलं. "ते मी सांगतो. काय पाहिजे होतं मले त्याच्याकडून."

आणि मग म्हणाले, "फायनल गेली चुलीत. मले वाटे, हा भांडन माह्याशी. म्हणन, बाबा, नोकरी होती, नाही आलो, काय कराचं ते करा. दार आपटन. अन मंग संध्याकाळी जेवाले बसन माह्यासंग. त्यानं दार हळूच लावलं गा, अन गेला."

 पप्पू तोंड फिरवून उभा राहिला. काकाजी खुर्चीचे हात धरून उठले आणि मला म्हणाले, "गाडी काढ."

जिलेबी घेतली. पुडा मांडीवर धरून ते माझ्या मागे बसले. लकडगंजापासून वाडीपर्यंत पूर्ण शहर ओलांडायचं, ऊन चढलेलं, आणि अमरावती रोडवर ट्रकामागे ट्रक. त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. म्हटलं, काकाजी, थांबाचं का थोडं? सावलीत? म्हणाले, "नाही. चाल." पत्ता मला विचारावा लागलाच नाही. वाडी आली तसे तेच खांद्यावर टकटक करत सांगायला लागले, इथून आत घे, टायरवाल्याच्या बाजूनं, आता डावीकडं. लग्नात एकदा आले होते, तेवढ्यावर. मी फक्त गाडी वळवत गेलो. डोळ्यात पाणी आलं होतं, आणि समोर ट्रक होते.

दार सुनेनं उघडलं. काकाजींना पाहून तिनं आधी पदर सावरला, मग आत वळून इतकंच म्हणाली, "अहो, बाबा आले." आतून काही तरी खाली पडल्याचा आवाज आला. विजू भिंत धरत धरत दारापर्यंत आला. काठी आतच पडली होती. डाव्या पायाला गुडघ्यावर पट्टी. बापलेक एकमेकांकडे पाहत राहिले. पुड्यातून जिलेबीचा पाक काकाजींच्या हातावर ओघळत होता.

"तुह्यावर आमची लय आशा होती गा," काकाजी म्हणाले.  आणि रिवाजाप्रमाणे ते उभे राहिले.

विजूनं भिंत सोडून दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "माही बी तुमच्यावर लय होती, बाबा."

काकाजींनी पुडा दुसऱ्या हातात घेतला.

"गल्लीत गाडी थांबली की दारात येत होतो मी," विजू म्हणाला. "वाटे, आज येऊन रागावतील मले. इतकी वर्षं, बाबा. तुम्ही रागावलेच नाही."

आजवर काकाजी कोणाकोणाच्या दारात ते वाक्य बोलले होते. त्यांना ते कोणी ऐकवलं नव्हतं. माझ्या मनात आलं, आता हे इथंच कोसळतात. पण ते खाली वाकले. पुडा सुनेच्या हातात दिला, उंबऱ्यातच कसेबसे बसले, आणि मुलाचा हात धरून त्यालाही समोर बसवलं. पट्टीवरून बोट फिरवलं.

"कोण्या भैताडानं बांधली गा ही?" ते म्हणाले. "पूर्ण ढिल्ली आहे."

आणि सोडून, मांडीवर पाय घेऊन, नव्यानं बांधायला लागले. विजू एखाद्या लहान पोरासारखा मान खाली घालून रडत होता आणि काकाजी त्याला म्हणत होते, "हालू नको. हालू नको ना बे." थोड्या वेळानं मी दारात उभा आहे याची त्यांना आठवण झाली. "तू जाय गा," म्हणाले. "मी येतो मंग."

मी एकटाच परत आलो. येताना स्कूटर हलकी लागत होती, ते मला अजिबात आवडलं नाही. टालीवर पप्पू आणि गुरुजी वाट पाहत बसले होते. मी सगळं सांगितलं. आम्ही तिघं तिथंच बसून राहिलो. ऊन उतरायला लागलं तेव्हा विजूचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"दादा, बाबा झोपले इथं. माह्याच खाटेवर. तुम्ही घ्याले येऊन राहिले का? उठवू त्यायले?"

मी म्हटलं, "नको उठवू गा. झोपू दे."